कपाळावरच्या दोन खुणा

मला एका जागी बसवत नाही. मशीनवर बसले तरच बसते, कारण तिथं पाय तरी हलत असतो. आता मशीनला मोटर आहे, पाय मारायची गरज उरलेली नाही, तरी माझा उजवा पाय खाली आपला चालूच. लग्नात, मठात, बसमध्ये, कुठंही. आत्या म्हणते, हिला देवानं बूड दिलं, पण टेकायची अक्कल द्यायची राहून गेली. म्हणू दे. त्या सकाळी गुलबर्ग्याच्या दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीबाहेर मी लोखंडी बाकड्यावर बसले होते आणि माझा पाय हवेतच मशीन चालवत होता. आत माझ्या वडिलांचं, अप्पांचं, डोकं उघडणार होते. पहाटे त्यांच्या कपाळावर मी काय करून ठेवलं होतं, ते आम्हा दोघांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

पण असं मधूनच सांगितलं तर कळायचं नाही. पहिल्यापासून सांगते.

हुलसूरला आमचं कापडाचं दुकान आहे. आत गादीवर अप्पा, बाहेर कट्ट्यावर माझं शिलाईचं मशीन. सासर गावातच, दोन गल्ल्या सोडून, म्हणून हे जमून गेलं. कापड अप्पांनी फाडायचं, शिवायचं मी. गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत अप्पा ओळखायचे की कुठल्या भाषेत सुरुवात करायची. भालकीकडचे कुणी असले की कानडी, इकडच्याच कल्याणहून मुसलमान बाया आल्या की दखनी, आणि गावातल्यांशी आणि माझ्याशी मराठी. एका हातानं थान उलगडायचं आणि तोंड बंद म्हणून नाही. गिऱ्हाईक न घेता उतरलं तरी हसत उतरायचं. आमचं अर्धं दुकान कपाटात होतं आणि अर्धं अप्पांच्या तोंडात.

एकदा दुपारी त्यांनी माझ्यापुढं हात केला आणि म्हणाले, माय (मला ते मायच म्हणतात), ते दे. मी विचारलं, ते म्हणजे काय? कात्री त्यांच्या समोरच पडलेली होती. ते तिच्याकडं बघत होते, पण तिचं नाव काही त्यांना सापडेना. कापायचं ते, म्हणाले. मला हसू आलं. म्हातारं झालात अप्पा, असं काहीतरी बोललेही. ते हसणं मला अजून खुपतं.

मग असं रोज व्हायला लागलं. टेरिकॉट आठवायचं नाही, अस्तर आठवायचं नाही, माझ्या मुलीचं नाव आठवायचं नाही. एक दिवस सकाळी शटर उचलता उचलता उजवा हात झटके द्यायला लागला आणि ते पायरीवरच कोसळले. तिथून गुलबर्गा. डोक्याचे फोटो काढले तेव्हा मेंदूच्या डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ निघाली.

डॉक्टर तरुण होते, हळू बोलणारे. कानडीत सगळं समजावून सांगितलं. गाठ जिथं बसलीय त्याला लागूनच बोलण्याची जागा आहे, म्हणाले. ठेवली तर वाढेल आणि वाचा जाईल. काढताना हात जरा इकडंतिकडं झाला, तरी वाचा जाईल. म्हणून ती यंत्राच्या मदतीनं काढायची. खोलीत एक कॅमेरा असतो, त्याला डॉक्टरच्या हातातल्या अवजाराचं टोक दिसतं, आणि ते टोक या क्षणाला डोक्याच्या आत नेमकं कुठं आहे, ते पडद्यावर फोटोत उमटतं. यंत्राला एक लोखंडी हातही असतो. ठरवलेल्या दिशेला तो अवजार धरून ठेवतो, थरथरत नाही.

अप्पांनी अडखळत अडखळत विचारलं, यंत्र चुकलं तर? डॉक्टर म्हणाले, "त्याला डोळे आहेत अप्पा, अक्कल नाही. खूण इथं आहे असं आपण सांगितलं की ते तसंच मानतं."

मला हे चटकन कळलं. कटिंग आधी कागदावर करायचं, मग तो कागद कापडावर बेतायचा. कागदावरच्या खुणा आणि कापडावरच्या खुणा जुळल्या तरच कात्री चालवायची. इथं फोटो म्हणजे कागद आणि अप्पांचं डोकं म्हणजे कापड. एवढं मला त्या दिवसापासून कळत होतं. म्हणजे न कळून केलं, असं म्हणायची सोयसुद्धा मला नाही.

तारीख मिळाली आणि गेली. पहिल्यांदा अप्पांची साखर वाढली. दुसऱ्यांदा कॅमेऱ्याचं काहीतरी बिघडलं आणि बेंगळूरहून माणूस येईपर्यंत थांबा म्हणाले. दोन्ही वेळा आम्ही हुमनाबादच्या रस्त्यानं बोचकं घेऊन गेलो आणि बोचकं घेऊन परत आलो. पहिल्या खेपेला येताना अप्पा माझ्याशी भांडले होते, बसमध्ये खिडकीपाशी कामून बसलीस म्हणून. दुसऱ्या खेपेला त्यांना भांडायला शब्द पुरेनात. हात हलवला आणि गप्प बसले. मी सबंध वाट त्यांच्याशी काहीबाही बोलत राहिले आणि मनात तारीख मोजत राहिले. घरी आल्यावर एकही ब्लाउज धड शिवून झालं नाही. उसवलं की शिवायचं, शिवलं की उसवायचं.

तिसऱ्या तारखेच्या आदल्या दिवशी आम्हाला दाखल करून घेतलं. चष्मा लावलेली एक सडपातळ मुलगी आली. यंत्राचं काम तिच्याकडं होतं. अप्पांच्या डोक्याची हजामत झाली, आणि मग तिनं त्यांच्या डोक्यावर, कानामागं आणि कपाळावर गोल चिकटपट्ट्या लावल्या. मध्ये भोक असलेल्या, शर्टाच्या गुंडीएवढ्या. एकूण दहा. कपाळावर तीन, एक बरोबर मध्ये आणि दोन दोन्ही भुवयांच्या वर. प्रत्येकीच्या भोकातून जांभळ्या शाईचा ठिपका दिला. तशा लावूनच फोटो काढला. उद्या ऑपरेशनच्या टेबलावर यातल्या एकेका भोकाला अवजार टेकवून यंत्राला दाखवायचं की फोटोतली ही खूण ती ही, आणि मग यंत्र वाट दाखवणार. तोपर्यंत हात लावायचा नाही, पाणी लावायचं नाही, टॉवेल फिरवायचा नाही. हे तिनं कानडीत सांगितलं, दखनीत सांगितलं, आणि माझी मान हलतेय ना ते बघून परत एकदा सांगितलं.

संध्याकाळी सिस्टर आली आणि म्हणाली, अंगावर धातूचं काही ठेवायचं नाही. अप्पांचा हात छातीवर गेला. आमच्यात गळ्यातल्या डबीतलं इष्टलिंग अंगापासून दूर करत नाहीत. अप्पांनी जन्मात कधी केलं नव्हतं. मी भांडायच्या तयारीनं उभी राहिले, तर सिस्टर आळंदकडची निघाली, आमच्यातलीच. तिनं डॉक्टरांना विचारलं, चांदीची डबी माझ्या हातात दिली, आतलं लिंग स्वच्छ कापडात गुंडाळलं आणि अप्पांच्या डाव्या दंडाला पट्टीनं बांधून टाकलं. झालं. म्हणजे विचारलं की वाट निघते, हे मला आदल्या संध्याकाळीच दिसलं होतं. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

पहाटे अप्पांनी मला उठवलं. पूजा करायची होती. लिंगपूजेशिवाय आणि कपाळावर विभूतीची तीन बोटं ओढल्याशिवाय त्यांनी कधी पाणी प्यायलेलं नाही. त्या दिवशी पाणी तसंही बंदच होतं, पण पूजा कशी बंद ठेवायची? दंडाची पट्टी सोडून मी लिंग त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवलं. पलंगावर बसूनच त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवले. ते झाल्यावर पिशवीतली विभूतीची गट्टी, भस्माची वडी, मागितली. मी नाही म्हटलं. त्या पोरीनं काय सांगितलंय, ऐकलंत ना? त्यांनी ऐकलं होतं. शब्द गोळा करायला त्यांना वेळ लागला.

"आज... कोऱ्या कपाळानं जाऊ, माय?"

मी विरघळले. त्याहून खरं सांगायचं तर मला घमेंड होती. माझी नजर अशी की टेप न लावता छाती-कंबर सांगते, आणि टेप लावला की तेच निघतं. तीन पट्ट्या आहेत, त्यांच्या मधून एका बोटानं बारीक ओढत न्यायची, मला काय अवघड आहे? पण कपाळ घामानं चिकट झालेलं, विभूती बसेना. मी टॉवेलचं टोक ओलं केलं. पट्ट्यांच्या कडेकडेनं पुसू, म्हटलं. एकदा पुसलं, दुसऱ्यांदा पुसलं, आणि मधली पट्टी टॉवेलबरोबर निघून आली.

घाईघाईनं टॉवेल मागं घेतला, तशी त्याची कड डाव्या भुवईवरच्या पट्टीत अडकली आणि तीही उचकटली. पूर्ण निघाली नाही, अर्धी लोंबली आणि सरकली. अप्पांचं लक्ष माझ्या तळहातावरच्या मधल्या पट्टीकडं होतं. ही दुसरी मी अंगठ्यानं दाबून टाकली, त्यांना कळलंही नाही. दोन्हीकडचे शाईचे ठिपके पाण्यानं फराटले होते. ते फराटेसुद्धा मी पुसून काढले. चोर माग पुसतो तसे.

मग मधली लावली. नाकाच्या रेषेत, भुवयांच्या वर दोन बोटं. मागं सरून पाहिलं, पुढं होऊन पाहिलं. एक सूत इकडं नाही की तिकडं नाही, असं स्वतःला सांगितलं. विभूतीची गट्टी पिशवीत परत गेली. एवढं करून अप्पांचं कपाळ कोरंच राहिलं.

मी म्हटलं, अप्पा, सिस्टरला सांगून येते. त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांच्या हातात इतकी ताकद उरली असेल असं मला वाटलं नव्हतं.

"सांगू नको. आज... आजच."

मला कळत होतं ते काय म्हणतायत. सांगितलं की पुन्हा तारीख, पुन्हा बोचकं, पुन्हा हुमनाबादचा रस्ता. आणि आणखी पंधरा दिवसांत त्यांच्याकडं किती शब्द उरतील, ते आम्ही दोघंही रोज बघत होतो. मी खाली बसले. लिंग कापडात गुंडाळून पुन्हा दंडाला बांधलं. गाठ माझी होती, सिस्टरची नव्हती, पण कुणाच्या ध्यानात आलं नाही.

उजाडल्यावर आत्या आली, अप्पांची मोठी बहीण. अफजलपूरची. आदल्या दिवशीच येऊन नात्यातल्या एका घरी उतरली होती. आत्याला कळलेली गोष्ट दुपारपर्यंत भीमेच्या दोन्ही काठांना कळते. आल्या आल्या तिनं माझ्या डोळ्यांखालच्या काळ्याला नावं ठेवली, माझ्या साडीला ठेवली, दवाखान्याच्या वासाला ठेवली. मी एका शब्दानं उलटून बोलले नाही, तेव्हाच तिला शंका यायला पाहिजे होती. स्ट्रेचरवाले मामा अप्पांना घेऊन गेले. दारापाशी त्या चष्मेवाल्या मुलीनं बोट फिरवत पट्ट्या मोजल्या. दहा भरल्या. तिनं मान हलवली आणि दार लागलं.

मी बाकड्यावर बसले आणि पाय सुरू झाला.

दहा भरल्या, हेच मला पोखरायला लागलं. एक कमी निघाली असती तर तिनं विचारलं असतं. आता ती विचारणार कशाला? मागं एकदा खटकचिंचोळीच्या एका नवरीचं ब्लाउज बेतताना असंच झालं होतं. खडूची खूण हाताखाली पुसली गेली. पुन्हा मोजायचा कंटाळा केला, नजरेनंच दुसरी खूण केली आणि कात्री चालवली. बाहीचा मुंढा बोटभर खाली आला. पोरगी माझ्या कट्ट्यावर बसून रडली. मी स्वतः उदगीरला जाऊन त्याच रंगाचं कापड शोधून आणलं आणि दोन दिवसांत नवं शिवून दिलं. तेव्हाही मागं सरून पाहिलं होतं, पुढं होऊन पाहिलं होतं. तेव्हाही एक सूत इकडं नाही की तिकडं नाही, असंच वाटलं होतं. आणि हे कापड? हे कुठल्या बाजारातून आणू?

मी उठले. आत्यानं विचारलं, कुठं जायलीस? पाणी प्यायला, म्हटलं. चार पावलं गेले आणि परत आले. बसले. पुन्हा उठले. आत्या म्हणाली, एका जागी बस की गं, माझ्या डोळ्यांना भोवळ यायलीय. अप्पांनी धरलेलं मनगट दुखत होतं की मलाच तसं वाटत होतं, देव जाणे. सांगितलं तर त्यांचा शब्द मोडते आणि तारीख जाते. नाही सांगितलं तर यंत्र माझ्या नजरेवर विश्वास ठेवून त्यांच्या डोक्यात शिरतं. शेवटी मी कोपऱ्यावरून वळले, आत्याच्या नजरेआड झाले आणि बाजूचं दार हातानं बडवलं.

आळंदकडची तीच सिस्टर बाहेर आली. मी म्हटलं, डॉक्टरांना बोलाव, खुणा खोट्या आहेत. ती तशीच आत पळाली.

डॉक्टर मास्क खाली ओढून आले. मी कानडीत सुरुवात केली, मध्येच मराठीत घसरले, पुन्हा कानडीत आले. टॉवेल ओला केला, पट्टी निघाली, मी लावली, सगळं सांगून टाकलं. ते शांतपणे ऐकत होते. माझं बोलणं संपल्यावर म्हणाले, हे अप्पांनी आम्हाला सांगितलंय.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

ते म्हणाले, "भूल द्यायच्या आधी त्यांनी हात वर केला. म्हणाले, मधली मीच ओढून काढली, मुलगी झोपली होती, तिला ठाऊक नाही. एवढं बोलायला त्यांना फार वेळ लागला. आम्ही थांबलो, भूल अजून दिलेली नाही."

माझा पाय थांबला. जन्मात पहिल्यांदा थांबला असेल. आजच, आजच म्हणून माझं मनगट धरणारे अप्पा. गाठ काढताना आपलं काही झालं, तर ही पोर आयुष्यभर आपल्या हातांकडं बघत राहील, हे त्यांना टेबलावर पडल्या पडल्या कळलं होतं. हाताशी शब्द मोजकेच उरलेले, उद्या तेही राहतील की नाही ठाऊक नाही, आणि ते त्यांनी माझ्यासाठी खोटं बोलण्यात घालवले.

डॉक्टर म्हणाले, आजोबांचं खरं की तुमचं, ते मला नको. मधली एकच ना? ती सोडून बाकीच्या नऊ खुणांवर आम्ही सुरू करणार होतो.

"मधली आणि डाव्या भुवईवरची," मी म्हटलं. "दुसरी त्यांना ठाऊक नाही."

डॉक्टरांनी स्वतःच्या डाव्या भुवईवर बोट टेकवलं आणि माझ्याकडं पाहिलं. गाठ त्याच बाजूला होती. मग एवढंच म्हणाले की बरं झालं सांगितलंत, आणि आत गेले. मला रागावले असते तर बरं वाटलं असतं.

तारीख गेली नाही. पट्ट्या नव्यानं लावल्या, फोटो नव्यानं काढला, आणि सकाळचं ऑपरेशन दुपारवर गेलं, इतकंच. एवढ्यासाठी मी आणि अप्पांनी जीव मुठीत धरला होता. फोटोसाठी अप्पांना पुन्हा बाहेर काढलं तेव्हा आत्यानं त्या चष्मेवाल्या मुलीला गाठलं आणि काय झालं म्हणून विचारलं. मुलगी चिडलेलीच होती. आजोबांनी पट्टी काढून टाकली, मुलगी झोपली होती, असं तुटकपणे सांगून ती निघून गेली. झालं, आत्याला एवढं पुरे होतं. स्ट्रेचरमागं चालत ती बोलत राहिली, लहानपणापासून असाच आहे हा, कुणाचं ऐकेल तर शपथ. अप्पा डोळे मिटून पडले होते. मी बाजूनं चालत होते. तेव्हा बोलले असते तर बोलता आलं असतं. बोलले नाही.

सिस्टर मात्र मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "विभूती दंडालाही लावतात की अक्का. विचारलं असतंस तर मीच लावली असती."

विचारायचं एवढंच काय ते राहिलं होतं.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. गाठ पूर्ण निघाली, म्हणाले. यंत्रानं दाखवलं तिथंच ती होती. आता बोलण्याचं काय ते सूज उतरल्यावर कळेल, थांबायचं. थांबायचं! मला थांबता येत असतं तर आणखी काय पाहिजे होतं? दिवसभर मी त्या व्हरांड्यात इतक्या चकरा मारल्या की झाडूवाल्या मावशी मला बघितलं की आपणहून पाय बाजूला घ्यायच्या.

पहिल्या दिवशी अप्पा काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सिस्टरला म्हणाले, नीरु. कानडीत पाणी मागितलं. सिस्टरनं मला हाक मारली, मी धावत गेले. त्यांनी मला नीट ओळखलं, डोळ्यांत ते दिसत होतं. आणि म्हणाले, "यावाग बंदी?" म्हणजे कधी आलीस. माझ्याशी, कानडीत.

दोन दिवसांनी शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याशी दखनीतली दोन-चार वाक्यं झाली. तो म्हातारा खूश, अप्पा खूश. मराठी मात्र नाही. मी मराठीत बोलले की त्यांना सगळं समजायचं, उत्तर कानडीत यायचं. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. भाषा आपापल्या वेळेनं परत येतात. एखादी येतही नाही. माझी कानडी बाजारापुरती. कापड किती, शिलाई केव्हा मिळेल, एवढीच. घरी आम्ही कधी ती बोललोच नाही. मला रागावायची, लाडात घ्यायची, वैतागायची अप्पांची भाषा मराठी. आता ते माझ्याशी गोड बोलत होते, नेमकं बोलत होते, आणि मी त्यांच्या दुकानात आलेलं एक गिऱ्हाईक होऊन बसले होते. मी न्हाणीघरात जाऊन रडायची आणि बाहेर येऊन कानडीत हसायची.

मनात तर एकच चालायचं. सकाळच्या त्या गडबडीत काही राहिलं असेल का? माझ्याच हातानं मराठी गेली का? डॉक्टरांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ते म्हणाले की याचा त्याच्याशी संबंध नाही, खुणा नव्या होत्या. मी मान हलवली. पटलं की नाही ते वेगळं.

हुलसूरला आल्यावर अप्पांना गादीवर बसवलं. टक्कल आणि त्यावर टाक्यांची वळणदार रेघ. टाके किती सारखे आहेत ते मी रोज बघायची, सवय जात नाही. गाव भेटायला येत होतं. आत्याही येऊन राहिली होती, आणि आलेल्या प्रत्येकाला ऑपरेशनची हकिगत तीच सांगायची. एकदा दुपारी दुकानात सात-आठ माणसं होती आणि तिनं कपाळाचा भाग सुरू केला. मी कट्ट्यावर होते, मशीन चालू होतं. विभूती लावायला यानं कशी पट्टी ओढून काढली, डॉक्टर कसे तापले, यंत्र कसं बंद पडलं, सगळं तिखटमीठ लावून. आणि मग माझ्याकडं बोट. बापाचं डोकं उघडायलेत आणि ही बया घोरत पडली होती. जागी असती तर हे झालं असतं का?

मी मशीन थांबवलं. कानशिलं तापली होती. पुरे झालं, म्हटलं, आता सगळ्यांदेखत सांगूनच टाकते. उठून उभी राहिले आणि म्हटलं, आत्या, ऐक.

अप्पांनी हात वर केला.

त्यांचे ओठ हलले, थांबले, परत हलले. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. तो शब्द कुठून कुठून वाट काढत येत होता ते दिसत होतं.

"मी... काढलं," अप्पा म्हणाले. मग दम खाल्ला. "ती झोपली व्हती. दमली व्हती माय."

मराठी. आत्यानं पदर तोंडाला लावला. कुणीतरी जोरात म्हणालं, मराठी आली, अप्पांची मराठी आली. कुणी चहाला पळालं, कुणी माझ्या नवऱ्याला बोलवायला. जो तो अप्पांपुढं वाकून म्हणत होता, आणखी बोला, आणखी काही बोला. ते काय बोलले, तिकडं एकाचंही लक्ष नव्हतं. अप्पांनी गर्दीतून माझ्याकडं पाहिलं आणि बस म्हणून डोळ्यांनीच सांगितलं. मी बसले. पायानं आपलं काम सुरू केलं, पण मशीनमध्ये कापड नव्हतं.

आता अप्पा बऱ्यापैकी बोलतात. कात्री म्हणतात, अस्तर म्हणतात, बसमध्ये मी खिडकीपाशी बसले की भांडतातही. रोज सकाळी विभूतीची तीन बोटं कपाळभर ओढतात. त्या दिवसाचा विषय मी दोनदा काढला, दोन्ही वेळा त्यांनी थान उलगडायला घेतलं. आत्या मात्र अजून ती हकिगत सांगते आणि मी अजून खाली मान घालून टीप मारते, कारण अप्पांच्या परत आलेल्या मराठीची पहिली तीन वाक्यं मला खोटी पाडवत नाहीत.

पण इथं लिहिते. आत्याला वाचायचा कंटाळा आहे, तरी लिहिते. पट्टी मी काढली, आत्या. मी जागी होते.